कोंबड्यांस मानमोडीची लस पाण्यांतून पाजण्याची रीत

खेड्यांतील कोंबड्या बहुतेक घरांत बायकांच्या असतात. मुलांची वही-पेन्सिल, सणाची साखर, आजाऱ्याचें औषध हे खर्च अंड्यांवर व एखाद्या विकलेल्या कोंबड्यावर भागतात, आणि त्या मिळकतीची नोंद कोणत्याही सात-बाऱ्यावर नसते. हें लहानसें भांडवल आठ-दहा दिवसांत समूळ नाहींसें करणारा रोग म्हणजे मानमोडी. यासच राणीखेत म्हणतात. पक्षी पिसें फुलवून कोपऱ्यांत बसतो, चोंच उघडून श्वास घेतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो, पंख व पाय लुळे पडतात. जे थोडे त्यांतून वांचतात त्यांची मान पिळल्यासारखी वांकडी होते. लस न दिलेल्या कळपांत रोग तीव्र जातीचा आल्यास शेंकडा ९० व त्याहूनही अधिक पक्षी दगावतात. रोग विषाणूंपासून होणारा असल्यामुळें तो जडल्यावर त्यास औषध नाहीं. कोणी लसूण घालतात, कोणी हळद, कोणी माणसांच्या गोळ्या कुटून घालतात. त्यांपैकीं कशानेंही हा रोग हटत नाहीं. सबब रोग येण्यापूर्वींच लस देणें एवढाच मार्ग राहतो.

१९२६ सालीं जावा बेटांत व इंग्लंडांत न्यूकॅसल शहराजवळ हा रोग ओळखला गेला. पुढें लौकरच तो कुमाऊं प्रांतांतील राणीखेत येथें आढळला व आपल्याकडे त्यास तेंच नांव पडलें. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेंत १९४० नंतरच्या दशकांत तयार झालेली आर-टू-बी नांवाची लस अद्याप वापरांत आहे. परंतु ती टोचावयाची असून आठ आठवड्यांवरील पक्ष्यांसाठीं आहे. पाजावयाची लस निराळी, तिचें नांव लासोटा. अमेरिकेंत न्यू जर्सी येथें ज्या शेतकऱ्याच्या कळपांत हा सौम्य विषाणू सांपडला त्याचेंच आडनांव तिला मिळालें आहे. या दोन लशींची अदलाबदल कधींही करूं नये. आर-टू-बी कोंवळ्या पिलांस दिल्यास लसच रोगासारखी बाधते.

लासोटा लशींतील विषाणू जिवंत असतो, ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली म्हणजे पुढील सर्व नियमांचें कारण आपोआप कळतें. कोंबडीच्या टाळूस एक फट असते. पाणी पितांना त्याचा अंश त्या फटीवाटे नाकांत चढतो, आणि घशाच्या व नाकाच्या अस्तरांत हा सौम्य विषाणू वाढूं लागतो. तो वाढला तरच शरीर त्यास ओळखतें व प्रतिकार उत्पन्न करतें. यास सुमारें दोन आठवडे लागतात. विषाणू वाटेंतच मेला तर कोंबडीनें केवळ पाणी प्यालें असें होतें, आणि बाहेरून तर कांहींच फरक दिसत नाहीं. लस फसली हें पुढें मानमोडी आल्यावरच कळतें. लोक मग लशीस दोष देतात. पण बहुधा दोष पाण्याचा, उन्हाचा अथवा वेळेचा असतो.

पाण्याचें प्रथम सांगतों. ग्रामपंचायत विहिरींत टी.सी.एल. पावडर टाकते, नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतो. माणसांस तें हितकारक, परंतु लशीच्या विषाणूस तेंच विष आहे. औषध न टाकलेल्या विहिरीचें स्वच्छ पाणी मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास पाणी उकळून, निववून, रात्रभर उघड्या तोंडाच्या भांड्यांत ठेवावें. शिवाय दर लिटरास सुमारें अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून पाव ते अर्धा तास थांबावें व मगच लस घालावी. उरलासुरला क्लोरिन दुधांत खर्च होतो व विषाणू वांचतो. भांडीं मातीचीं किंवा प्लॅस्टिकचीं घ्यावींत. जस्ताचे पत्रे व तांबें नको. तीं साबणानें किंवा जंतुनाशकानें धुवूं नयेत, नुसत्या पाण्यानें घासावींत. आदल्या व दुसऱ्या दिवशीं पाण्यांत कोणतेंही औषध घालूं नये.

लशीची कुपी दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फांत आणावी. खिशांत घालून उन्हांतून सायकलीवर आणलेली कुपी फेंकून देण्याच्याच लायकीची समजावी. कुपीचें बूच पाण्याखालीं धरून उघडावें, म्हणजे आंतील भुकटी वाया जात नाहीं. मिसळल्यावर लस दोन तासांच्या आंत संपली पाहिजे. यास्तव हें काम सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं, सावलींत करावें.

पक्षी तहानलेले असावेत, म्हणून एक-दोन तास पाणी बंद ठेवावें. उन्हाळ्यांत एका तासाहून अधिक नको. किती पाण्यांत लस घालावी हें अंदाजानें ठरवूं नये. आदल्या दिवशीं त्याच वेळीं तितकेंच तहानलेले ठेवून मोजून पाणी द्यावें व दीड तासांत किती संपतें तें पाहावें. महिन्याच्या शंभर पक्ष्यांस सुमारें तीन लिटर लागतें. भांडीं इतकीं हवींत कीं, दोनतृतीयांश पक्ष्यांस एकाच वेळीं चोंच घालतां यावी. नाहींतर दांडगे कोंबडे अधिक पितात व दुबळ्या माद्या कोरड्या राहतात. पाण्यास निळा रंग देणारी गोळी मिळाल्यास फार सोय होते. नंतर कांहीं पक्षी धरून जीभ पाहिली कीं, कोण प्यालें व कोण नाहीं हें उघड होतें.

आतां खरी अडचण. कुपी बहुधा शंभर मात्रांहून लहान मिळत नाहीं आणि एका घरीं कोंबड्या असतात दहा-बारा. एकट्यानें आणली तर बाकीची लस वाया, म्हणून कोणीच आणीत नाहीं. त्यासाठीं वस्तीनें मिळून आणावी. मोजदाद हा माझा जन्माचा धंदा, म्हणून सुचवितों: घरवार यादी करावी, तींत मोठे पक्षी व पिलें निरनिराळीं लिहावींत, आणि यादी घरच्या बाईस विचारूनच करावी, पुरुषांस आंकडा ठाऊक नसतो. एका घराच्या कोंबड्या वगळल्या तर शेजारच्यांस धोका राहतोच.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांस पाण्यांतून लस देणें मात्र मला फारसें पसंत नाहीं. त्या गटारांत, डबक्यांत कोठेंही पितात. आदल्या रात्रीं खुराड्यांत कोंडून सकाळीं लशीच्या पाण्यावरच सोडणें शक्य असेल तर करावें. नसेल तर पहांटे खुराड्यांतून एकेक काढून डोळ्यांत एक थेंब घालावा. थेंबासाठीं लस तिच्याबरोबर मिळणाऱ्या द्रवांतच विरघळवावी. कष्ट अधिक, पण प्रत्येक पक्ष्यास मात्रा पोंचल्याची खात्री असते.

दाण्यांतून लस देण्याचाही प्रयत्न झालेला आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड येथें १९६६ सालीं सांपडलेल्या व्ही-फोर विषाणूंतून उष्णता सोसणारी जात निवडली गेली, व मलेशियांत ती खाद्यावर घालून गांवच्या कोंबड्यांस देण्यांत आली. तेथें गुण आला, परंतु इतरत्र निरनिराळ्या धान्यांवर तसा भरंवशाचा गुण आला नाहीं. कांहीं दाण्यांवर विषाणू टिकत नाहीं. पुढें क्वीन्सलंडांतच आय-टू ही तशीच सोशिक लस निघाली. आफ्रिकेंतील मोझांबिक देशांत ती खेड्यांतून वापरतांना डोळ्यांतील थेंब हीच रीत मुख्य धरली गेली, व दर चार महिन्यांनीं फेरी ठेवण्यांत आली. आपण लासोटा भातावर घालूं नये. ती उष्णता सोसणारी नव्हे.

पिलें पांच ते सात दिवसांचीं असतां पहिली मात्रा डोळ्यांत किंवा नाकांत थेंबानें द्यावी; इतकीं लहान पिलें पाणी सारखें पीत नाहींत. चौथ्या-पांचव्या आठवड्यांत लासोटा पाण्यांतून, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यांत आर-टू-बी टोचून घ्यावी. पुढील मात्रांचें अंतर आपल्या भागांतील रोगाचें मान पाहून पशुवैद्य सांगतील. उन्हाळ्यांत रोगाचा जोर असतो, तेव्हां माघ-फाल्गुनांतच फेरी उरकावी. आजारी अथवा जंतांनीं खंगलेल्या पक्ष्यांस लस देऊं नये. आधीं जंताचें औषध देऊन आठवड्यानें द्यावी.

उरलेलें पाणी व रिकामी कुपी उकळून मग पुरावी, उकिरड्यावर टाकूं नये. लस डोळ्यांत उडाल्यास माणसाचे डोळेही कांहीं दिवस लाल होतात. म्हणून काम होतांच हात साबणानें धुवावेत, आणि लहान मुलांस भांड्यांपाशीं येऊं देऊं नये.