स्नायू, मज्जातंतू आणि विषबाधा

पावसाळा लागला कीं जुन्नर व आंबेगांव ह्या दोन्ही तालुक्यांत दोन संकटें एकदम उभीं राहतात. एक सापाचें व दुसरें फवारणीच्या औषधाचें. कुकडी, मीना व घोड ह्या नद्यांच्या खोऱ्यांत ऊंस, कांदा, टोमॅटो व द्राक्षें हीं पिकें होतात. पिकांत उंदीर येतात, उंदरांमागें साप येतो, आणि किडीमागें आपण फवारणीचा पंप घेऊन जातों. ह्या दोन विषांनीं माणूस कसा दगावतो व कसा वाचतो, हें समजण्यास स्नायू व मज्जातंतू ह्यांचें काम आधीं समजलें पाहिजे. म्हणून आजचा हा पाठ.

आपल्या व आपल्या बैलाच्याही शरीरांत स्नायू तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार हाडांस जोडलेल्या स्नायूंचा. बैल नांगर ओढतो, आपण विळा चालवितों, तें ह्यांच्याच बळावर. सूक्ष्मदर्शकांतून पाहतां ह्यांच्या तंतूंवर आडवे पट्टे दिसतात. हे इच्छेप्रमाणें हलतात, म्हणून ह्यांस ऐच्छिक स्नायू म्हणतात. माणसाच्या अंगांत असे सहाशेंहून अधिक स्नायू आहेत. दुसरा प्रकार आंतडीं, मूत्राशय, रक्तवाहिन्या व श्वासनलिका ह्यांच्या भिंतींतील बिनपट्ट्यांच्या स्नायूंचा. खाल्लेली भाकर पुढें सरकविणें हें काम ते आपल्याला न विचारतां करितात. तिसरा प्रकार केवळ हृदयाचा. त्यावर पट्टे असतात, परंतु तो आपल्या इच्छेंत नाहीं. दिवसांत सुमारें १ लाख ठोके देणारें हें हृदय आपला ठोका स्वतःच उत्पन्न करितें. मज्जातंतू तो कमीजास्त करूं शकतात, पण चालू ठेवण्यास त्यांच्या हुकमाची गरज नसते.

श्वासाचें तसें नाहीं. छाती व पोट ह्यांच्या मधला पडदा, जो खालीं ओढला गेला म्हणजे छातींत हवा शिरते, तो पहिल्या प्रकारचा स्नायू आहे. झोपेंतसुद्धां दर श्वासास त्याला मेंदूकडून हुकूम यावा लागतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व गोष्ट ह्यावरच उभी आहे.

हुकूम जातो कसा? मेंदूंतून तो पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत व तेथून मज्जातंतूंत विजेच्या बारीक लहरीच्या रूपानें धांवतो. सर्वांत वेगवान तंतूंत हा वेग सेकंदास १०० मीटरपर्यंत असतो. परंतु तंतूचें टोक स्नायूस चिकटलेलें नसतें. मध्यें एक फट असते. केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याएवढी. वीज ती फट ओलांडीत नाहीं. म्हणून टोकाशीं अ‍ॅसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलें असतें. लहर येतांच तें फटींत सांडतें व पलीकडच्या स्नायूस जाऊन लागतें. पुराच्या ओढ्यापाशीं हलकाऱ्याचा घोडा थांबावा आणि कोतवालानें चिठ्ठी पलीकडे न्यावी, तसाच हा प्रकार. चिठ्ठी पोहोंचली कीं स्नायूंत कॅल्शियम मोकळें होतें, दोन जातींचे सूक्ष्म धागे एकमेकांत सरकतात व स्नायू आंखडतो. काम होतांच फटींतील दुसरें एक द्रव्य ती चिठ्ठी फाडून टाकतें, म्हणजे पुढच्या हुकमास वाट मोकळी होते.

आतां विषाकडे वळूं. मण्यार रात्रीं फिरते व जमिनीवर निजलेल्यांस चावते. दंश बहुधा दुखत नाहीं, सूजही येत नाहीं. पहाटे पोट दुखतें, पापण्या जड होतात, गिळतां व बोलतां येत नाहीं. तिचें विष तंतूचें टोकच निकामी करितें. चिठ्ठी निघतच नाहीं. नागाचें विष पलीकडच्या दारास कुलूप घालतें. चिठ्ठी येते, पण आंत घेतली जात नाहीं. दोहोंत शेवटीं श्वासाचा पडदा थांबतो. हृदय मात्र चालूच असतें! असा रोगी डोळे उघडीत नाहीं, बोट हलवीत नाहीं. तरी कित्येकदां त्यास सारें ऐकूं येत असतें. त्यास मेला समजून घरीं परत नेऊं नये. यंत्रानें श्वास चालू ठेवल्यास तो वांचूं शकतो. तंतूंचीं टोकें पुन्हा तयार होण्यास मात्र कित्येक दिवस लागतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चारांवरील लस घोड्यांच्या रक्तापासून करितात. ती अंगांत फिरणारें विष बांधते, परंतु मोडलेलें टोक जोडीत नाहीं. म्हणून ती जितक्या लवकर मिळेल तितकी बरी.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस इत्यादि औषधांचें काम नेमकें उलट. तीं चिठ्ठी फाडणारें द्रव्यच बांधून टाकतात. चिठ्ठ्यांचा ढीग सांचतो. स्नायू प्रथम फुरफुरतात व मग लुळे पडतात. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, छाती दाटते. अ‍ॅट्रोपिन टोंचल्यानें लाळ व कफ आटतो, श्वासनलिका मोकळी होते. परंतु ऐच्छिक स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाहीं. तेव्हां येथेंही यंत्राचा श्वास लागूं शकतो. हें विष कातडींतूनही शिरतें. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना अनेक शेतकरी व मजूर विषबाधेनें मरण पावले, हें विसरतां कामा नये.

ह्यावरून करावयाचें तें थोडकें आहे. निजावें तें खाटेवर, मच्छरदाणी खोंचून. रात्रीं पाणी धरावयास जातांना बॅटरी व बूट असावेत. दंश झालेला अवयव हलवूं नये, चिरूं नये, आवळून बांधूं नये. वाटेंत श्वास थांबल्यास दवाखाना येईपर्यंत तोंडानें श्वास देत राहावें. औषध अंगावर सांडल्यास कपडे उतरवून साबणानें अंग धुवावें व डब्यावरची चिठ्ठी डॉक्टरांस दाखवावी. भगताच्या दारीं घालविलेला एक तास हा रोग्याच्या श्वासांतून वजा होतो, एवढें प्रत्येक घरीं ठाऊक असावें.