कापडांचे दप्तर

घरी शिवणकाम करणाऱ्याच्या कापडसंग्रहाला जे धोके संभवतात, त्यांत पसारा हा सर्वांत किरकोळ होय. कारण पसारा डोळ्यांना खुपतो आणि म्हणून केव्हा ना केव्हा आवरला जातो, परंतु नीटनेटक्या घडीच्या आड मुकाट्याने चालणारा क्षय कपाट उपसल्यावाचून कोणाच्याही लक्षात येत नाही. कापड नेटके दिसणे आणि कापड सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला रत्नागिरीच्या एका पावसाळ्याने शिकवले. आणि तेच ज्ञान इतरांना नुकसान सोसल्यावाचून लाभावे, एवढ्याच हेतूने हा अनुभव लिहीत आहे.

आमच्या घरातील पश्चिमेकडची खोली शिवणासाठी मोकळी झाली, तेव्हा भिंतीतल्या जुन्या फडताळात सारा संग्रह रंगवार लावला गेला: वरच्या कप्प्यात फिकट सुती छिटा, मधल्यात गुळेदगुड्डचे खण आणि येवल्याच्या एका जीर्ण पैठणीचा जपून ठेवलेला पदर, तर खालच्यात गडद अस्तरे व लोकरीचे तुकडे. येणारे-जाणारे त्या रंगसंगतीची वाखाणणी करीत. परंतु जेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथील बाहेरच्या भिंतीने आषाढातच ओल धरली. आणि आश्विनात सर्व कापडे बाहेर काढली, तेव्हा अस्तरांवर बुरशीचे करडे ठिपके, खळीच्या कोऱ्या कापडांना कसरीने पाडलेली भोके, टाचण्यांच्या जागी गंजाचे कायमचे डाग आणि खिडकीकडील घड्यांवर रंग उडालेले पट्टे, असा नुकसानीचा तपशील समोर आला. पैठणीच्या पदराला रबराचे वेढे घातलेले होते. त्यांच्याखालची जर काळी पडली होती, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि रबरातील गंधक तिला काळवंडून टाकते.

या प्रकारातून पहिला बोध मिळाला तो असा, की वर्गवारी रंगावरून न करता धाग्यावरून करावी. सूत, रेशीम, लोकर आणि कृत्रिम धागा यांचे शत्रू निरनिराळे आणि उपचारही निरनिराळे. सुती कापड कपाटात जाण्यापूर्वी पाण्यात भिजवून, त्याची खळ काढून, पूर्ण वाळवून इस्त्री करावे. त्यामुळे कसरीचे खाद्य नाहीसे होते आणि आटायचे ते कापड बेतण्यापूर्वीच आटते. रेशमी व जरीच्या वस्त्रांना हा संस्कार करू नये. ती धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळावीत, वर्तमानपत्रात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची घडी मोडून नव्या जागी घालावी, म्हणजे एकाच रेषेवर धागा चिरत नाही. लोकरीच्या अंगीही गंधक असल्यामुळे तिचा व जरीचा शेजार टाळावा. धाग्याप्रमाणे विभाग पाडल्यानंतर प्रत्येक विभागात पन्ह्याप्रमाणे रांगा लावाव्यात. रंगाची हौस त्या रांगेपुरती खुशाल पुरवावी.

जागेचा बंदोबस्त हा दुसरा विषय. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मागे चार बोटे आणि खाली वीतभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते व ओल लाकडावाटे कापडात शिरत नाही. दारे काचेची असल्यास आतून जाड पडदा लावावा. डांबराच्या गोळ्या वापरायच्या तर पुरचुंडीत बांधून वरच्या कप्प्यात ठेवाव्यात, कारण त्यांची वाफ हवेहून जड असून खाली उतरते. मात्र त्यांचा स्पर्श कापडाला होऊ देऊ नये, आणि बाळाच्या झबल्या-कुंचीचे कापड त्यांच्या वासातही ठेवू नये, कारण काही नवजात अर्भकांच्या रक्ताला ती वाफ अपायकारक ठरते. पावसाळा सरून आश्विनातले कोरडे ऊन पडू लागले, की सारा संग्रह एकदा बाहेर काढावा. सुती कापडांना ऊन आणि रेशमाला सावलीतला वारा द्यावा.

तिसरी गोष्ट नोंदीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. पुण्याच्या पेशवे दप्तरातले जुने कागद जसे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असत आणि रुमालाच्या नोंदीवाचून आतला कागद हाती लागणे दुरापास्त, तसेच घडीतल्या कापडाचे आहे: जे आहे हे ठाऊक नाही, ते असून नसल्यासारखेच, आणि म्हणूनच घरात पडून असलेले अस्तर पुन्हा बाजारातून विकत आणले जाते. याकरिता एक जाड वही करावी. प्रत्येक कापडाचा बोटभर नमुना दोऱ्याने टाचून त्यापुढे धागा, पन्हा, लांबी, धुतले की कोरे, कोणत्या कप्प्यात आहे आणि कशासाठी घेतले, हे लिहावे. आवक-जावक त्याच दिवशी मांडावी. जुने बेत वारांत असतात व दुकानदार मीटरने मोजतो, तेव्हा एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर हे पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. वीतभराहून लहान तुकड्यांची नोंद करू नये. ते गोधडीच्या गाठोड्यात टाकावेत आणि गाठोडे भरले की गोधडी शिवायला घ्यावी.

ज्यांना हे सारे एकदम साधणार नाही, त्यांनी नव्या कपाटाची तजवीज करण्याआधी वही घालावी. कशासाठी घेतले, हा रकाना ज्या कापडापुढे वर्षभर रिकामा राहील, ते ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाकावे. कारण कापड अंगावर जाण्यासाठी विणलेले असते, आणि ज्या संग्रहातून शिवून काही बाहेर पडत नाही, त्याची व्यवस्था कितीही चोख असली तरी ती व्यर्थच होय.