परसांतील हौद आणि तंतुशेवाळ

माहूरच्या मातृतीर्थासारख्या तळ्याकांठीं किंवा घरच्या परसांतील हौदापाशीं उन्हें तापूं लागलीं असतां तुम्हीं एक गोष्ट पाहिली असेल. पाण्यांत केंसांसारखे हिरवे, बुळबुळीत तंतु दिसूं लागतात आणि थोड्याच दिवसांत त्यांची गादी होऊन सर्व पाणी झांकून जातें. हेंच तंतुशेवाळ. तें कसें आवरावें हें सांगण्यापूर्वीं मीं स्वतः केलेली एक चूक सांगतों.

आमच्या परसांत दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व एक मीटर खोल असा हौद आहे. त्यांत मुलांनीं मासे पाळले होते. एका उन्हाळ्यांत शेवाळ माजलें, म्हणून मीं मूठभर मोरचूद पाण्यांत टाकला. शेवाळ पिवळें पडलें, तेव्हां मला धन्यता वाटली. परंतु तिसऱ्या दिवशीं पहाटे पाहतों तों सारे मासे मरून वर तरंगत होते. धाकट्या मुलीनें विचारलें, “बाबा, माशांनीं काय केलें होतें?” या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें कळलें, तेंच येथें देत आहें.

शेवाळ ही मूळ, खोड, पान नसलेली वनस्पति आहे. स्पायरोगायरा या तंतुशेवाळाचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास प्रत्येक पेशींत हरितद्रव्याची फीत मळसूत्रासारखी गुंडाळलेली दिसते. सूर्यप्रकाशांत हे तंतु प्राणवायु सोडतात. त्याचे बुडबुडे जाळ्यांत अडकतात, म्हणून दुपारीं शेवाळ वर तरंगतें. रात्रीं मात्र तें प्राणवायु सोडीत नाहीं. उलट पाण्यांतलाच घेतें. म्हणून माशांस खरा धोका पहाटेच्या वेळीं असतो.

शेवाळास दोन गोष्टी लागतात : ऊन व खत. उथळ, संथ पाण्यांत ऊन तळापर्यंत पोहोंचतें. खत आपणच पुरवितों. माशांस टाकलेला जादा भात, भांडीं घासलेलें पाणी, चुलीची राख, वाहून आलेलें शेण आणि आपल्या भागांतील सागाचीं गळलेलीं पानें हीं सर्व पाण्यांत कुजून शेवाळाचें अन्न होतात.

आतां मोरचुदाचें पाहूं. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील मूर व केलरमन या शास्त्रज्ञांनीं १९०४ सालीं मोरचुदानें जलाशयांतील शेवाळ मारण्याची रीत प्रसिद्ध केली. पण तिचें सारें मर्म अत्यल्प प्रमाणांत आहे. दहा लक्ष भाग पाण्यास एक भाग मोरचूद धरला, तर आमच्या हौदांतील ३,००० लिटर पाण्यास अवघे ३ ग्रॅम होतात. माझ्या मुठींत त्याच्या कितीतरी पट विष होतें. शिवाय मेलेलें शेवाळ कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपवितें. उन्हाळ्यांत तो आधींच कमी असतो. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, ३० अंशांस साडेसातच. त्यांतून कुजलेलें शेवाळ पुनः खत बनतें. म्हणजे मासे गेले, आणि पुढच्या शेवाळाची पेरणी मात्र झाली!

तेव्हां पुढील उपाय करावे. पहिला, खडबडीत काठी पाण्यांत फिरवून तीवर शेवाळ सुतासारखें गुंडाळून काढावें. थोडा वेळ कांठावर ठेवावें, म्हणजे त्यांतील बेडकांचीं पिलें व किडे पाण्यांत परत जातील. मग खतखड्ड्यांत टाकावें. कांठावरच राहूं दिलें, तर पावसानें त्याचें सत्त्व पुनः पाण्यांत उतरतें. दुसरा, तळचा गाळ व पानें काढावीं आणि पानगळीच्या दिवसांत हौदावर जाळी घालावी. तिसरा, मासे थोड्या वेळांत खाऊन संपवितील इतकेंच अन्न घालावें. चौथा, कमळ किंवा कुमुद लावावें. अर्ध्याहून थोडें अधिक पाणी पानांनीं झांकलें गेलें, कीं शेवाळास ऊन मिळत नाहीं आणि खतांतही वाटेकरी येतो.

एका दिवसांत फळ दिसणार नाहीं. स्पायरोगायराचीं जाड कवचाचीं बीजें तळाशीं सुप्त राहतात व अनुकूल काळीं पुनः रुजतात. आम्हीं हाच क्रम धरला. पहिल्या वर्षीं दर आठवड्यास काठी फिरवावी लागली. दुसऱ्या वर्षीं महिन्यांतून एकदां पुरली.

सुटींत तुम्हींही हा प्रयोग करा. तीन कांचेच्या बरण्यांत तळ्याचें पाणी व शेवाळाचा एकेक धागा घाला. पहिली उन्हांत ठेवा, दुसरी सावलींत. तिसरींत चिमूटभर शेणखत घालून तीही उन्हांत ठेवा. तीन आठवडे रोज पाहून टिपण ठेवा.

आमच्या हौदांत आतां पुनः मासे आहेत. मोरचुदाची पुडी मात्र मीं अजून कपाटांत जपून ठेविली आहे. उपायाची घाई झाली, कीं तिच्याकडे पाहतों आणि आधीं कारण शोधूं लागतों.