डबी घेण्याआधी टॉवर बघ

पोरी, दुचाकी घेतलीस, बरं केलंस. आता चोरीच्या धाकाने जीपीएसची डबी बसवायची म्हणतेस आणि पाचसात डब्यांचे फोटो पाठवून ‘मामा, यातली कोणती घेऊ?’ असं विचारतेस. डबीचं नाव मी सांगणार नाही. आधी मला हे सांग, आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या तुझ्या बीटवर कोणत्या मोबाइल कंपनीची रेंज येते?

सगळी गोम तिथेच आहे. ही डबी दोन कामं करते. आभाळातल्या उपग्रहांवरून ती आपली जागा ओळखते. हे काम फुकटात होतं आणि भामरागडच्या पुढेही होतं, वर आभाळ मोकळं असलं म्हणजे झालं. दुसरं काम ती जागा तुझ्या मोबाइलला कळवण्याचं. त्याला सिम लागतं, टॉवर लागतो, रिचार्ज लागतो. तुझ्या वनखात्यातले लोक वाघाला कॉलर घालतात, ती कॉलर आपली खबर उपग्रहामार्फतच पाठवते, म्हणून निबिड जंगलातूनही ती येते. तेवढी महागाची वस्तू आपल्या गाडीला कोण लावतो? आपल्या दोन-तीन हजारांच्या डबीला टॉवर नसला की ती मुकी. तिला सगळं माहीत असतं, पण सांगता येत नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक काम कर. मोबाइलमध्ये दोन कंपन्यांची सिमं घाल आणि रोजच्या रस्त्याने जा. क्वार्टर, रेंज ऑफिस, नाका, बाजार, आणि जिथे गाडी ठेवून तू पायी गस्तीला शिरतेस ती जागा. कुठे कोणाची काडी दिसते ते वहीत लिही. कंपनीच्या नकाशावर अख्खा जिल्हा रंगवलेला असतो, त्याच्यावर जाऊ नकोस. तुझ्या बीटच्या तोंडाशी कदाचित एकट्या बीएसएनएलचा टॉवर असेल. तसं असेल तर डबी बीएसएनएलवर चालणारीच पाहिजे, मग शहरातला दुकानदार काहीही म्हणो.

इथेच लोक फसतात. स्वस्तातल्या पुष्कळशा डब्या फक्त टूजीवर चालतात. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम घालून उपयोग नाही. बरं, फोरजीची डबी घेतली म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. यातला ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, रानात लांबवर पोचतो, आणि नेमका तोच पुष्कळ परदेशी बनावटीच्या डब्यांत नसतो. खोक्यावर बारीक अक्षरात बँडचे आकडे छापलेले असतात. त्यात २८ आहे का बघ. दुकानदाराला ठाऊक नसेल तर माहितीपत्रक माग. फोरजी नसेल तिथे टूजीवर उतरणारी डबी मिळाली तर सगळ्यात चांगलं.

आणखी दोन गोष्टी विचारून घे. रेंज नसताना डबी वाटेतल्या जागा साठवून ठेवते का, आणि रेंज आली की त्या पाठवते का? आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. गाडी एटापल्लीकडच्या रस्त्याने गेली आणि तासभराने एखाद्या गावाजवळ टॉवर लागला, तर मधला सगळा माग हाती येतो. दुसरी गोष्ट, डबीला साधा एसएमएस केला तर ती जागेचा दुवा उलट पाठवते का? ॲपवाल्या कंपन्या आज आहेत, उद्या नाहीत. त्यांचं सर्व्हर बंद पडलं की डबीचं डबडं होतं. एसएमएसला उत्तर देणारी डबी कोणाच्या सर्व्हरवाचूनही थोडीफार कामाची राहते.

सिम आपल्या नावाचं, आपल्या हाताने घातलेलं असावं. काही डब्यांत कंपनीचं सिम आत पॅक करून येतं. पहिलं वर्ष फुकट म्हणतात, दुसऱ्या वर्षी ते सांगतील तो दर. किंमत विचारताना तीन वर्षांचा हिशोब विचार, म्हणजे दीड हजाराची डबी खरी कितीला पडते ते कळेल. आणि दुकानदार ‘एआयएस १४०, सरकारमान्य’ म्हणून चढी किंमत सांगू लागला तर हसून सोडून दे. तो नियम बस, टॅक्सी अशा प्रवासी वाहनांचा आहे, त्यात घाबरल्यावर दाबायचं बटणही लागतं. दुचाकीला तो लागू नाही.

आता बॅटरी. हे कोणी सांगत नाही आणि याचाच त्रास जास्त होतो. साध्या शंभर सीसीच्या गाडीत तीन-चार अँपिअर-तासाची छोटी बॅटरी राहते. डबी गाडी बंद असतानाही थोडा करंट खातच राहते. समज, वीस मिलिअँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चोवीस तासांत ते जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतं, म्हणजे तीनची बॅटरी सहा दिवसांत रिकामी. सेल्फ तर त्याच्या आधीच मान टाकतो. तू चंद्रपूरच्या वन अकादमीत प्रशिक्षणाला गेलीस किंवा दिवाळीला घरी आलीस की गाडी आठवडाभर उभीच. जुन्या गाडीला किक मारली की भागायचं. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचा पंपही बहुधा विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी साफ उतरली तर किक मारून पाय दुखेल, गाडी सुरू होणार नाही. डबी झोपलेली असताना किती करंट खाते ते विचार. पाच मिलिअँपिअरच्या आत असेल तर घे. आकडा सांगता येत नसेल तर घेऊ नकोस.

डबीच्या आतही छोटी बॅटरी असावी आणि वायर तोडल्याबरोबर तिने खबर द्यावी. चोर पहिला हात बॅटरीलाच घालतो. पण चंद्रपूरचा मे तुला माहीत आहे. पारा ४७-४८ वर जातो, उन्हातल्या सीटखाली त्याहून जास्त. आतली लिथियम बॅटरी अशाने लवकर फुगते. माहितीपत्रकात किती अंश सेल्सिअसपर्यंत चालेल ते दिलेलं असतं, साठच्या खालचा आकडा असेल तर आपल्या कामाची नाही. पावसाळ्याकरता आयपी ६७ बघ. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा असतो.

दुकानदार तुला आणखी एक गोष्ट कौतुकाने दाखवील. मोबाइलवरून बटण दाबलं की गाडीचं इंजिन बंद. त्यासाठी लागते ती रिले तू बसवू नकोस. नागपूरच्या पोट्ट्यांना बसवू दे. एखादा चुकीचा संदेश गेला, वायर ढिली झाली, रिले अडकली, की चालती गाडी रस्त्यात बंद पडेल. तू सांजवेळी ज्या रस्त्याने परततेस तिथे गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. चोरी गेलेली गाडी परवडते.

आणि आता खरं सांगायचं ते. ही डबी गाडीबरोबर तुझाही माग ठेवते. पुष्कळ स्वस्त डब्यांचा सुरुवातीचा पासवर्ड १२३४५६ असतो आणि बहुतेक लोक तो कधीच बदलत नाहीत. डबीचा नंबर ज्याला कळला त्याला गाडी घरबसल्या दिसते. बसवून देणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्येही ‘टेस्टिंगसाठी’ म्हणून तुझं खातं उघडं राहून जातं. बाईमाणसाला हा त्रास आहेच, त्यात तू वनरक्षक. तुझी गाडी आत्ता कुठे उभी आहे हे ज्याला दिसलं, त्याला आज गस्त कुठे नाही हेही दिसलं. सागवान तोडणाऱ्याला आणि फासे लावणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे? दुकानातून निघण्याआधी तिथेच पासवर्ड बदल, डबीचा एसएमएस पासवर्ड वेगळा असतो तोही बदल, आणि मालकाचा नंबर म्हणून फक्त तुझा आणि घरातला एक टाक. तुझ्या साहेबांनाही एकदा सांगून ठेव की गाडीला असं काही लावलं आहे.

ते बटणाएवढे ब्लूटूथचे टॅग मिळतात, एअरटॅग, जिओटॅग वगैरे. ते स्वस्त, रिचार्ज नाही, वायर नाही. पण ते आपली जागा स्वतः ओळखत नाहीत. आजूबाजूने जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मोबाइलने त्यांची चाहूल घ्यावी लागते. चैत्रात महाकालीच्या यात्रेत गाडी हरवली तर कदाचित सापडेल. एअरटॅगला तर आयफोनच लागतो, आणि तुझ्या बीटवर आयफोन घेऊन कोण फिरतं? शिवाय मालकापासून लांब गेला की थोड्या वेळाने तो वाजतो आणि चोराच्या मोबाइलवर सूचनाही जाऊ शकते. तो माणसाचा पाठलाग होऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे, चांगलाच आहे, पण आपल्या कामाच्या आड येतो.

धक्का लागला की अलार्म देणारी सोय हवी तर घे. क्वार्टरसमोर वानरं सीटवर उड्या मारतील तेव्हा रात्रंदिवस मोबाइल वाजेल, आणि आठ दिवसांत तूच ती बंद करशील. त्यापेक्षा ठराविक हद्दीबाहेर गाडी गेली तरच खबर देणारी सोय ठेव.

बसवताना ओळखीच्या मिस्त्रीकडे जा आणि समोर उभी राहा. मूळ वायर कापू देऊ नकोस, कंपनी वॉरंटी नाकारते. कपलर लावायला सांग आणि मध्ये एक फ्यूज. सीटखाली बॅटरीशेजारी डबी ठेवायची नाही, चोराचा हात तिथेच पहिला जातो. हेडलाइटच्या प्लास्टिकच्या आत किंवा मागच्या पॅनलमध्ये ठेव, अँटेनाची बाजू आभाळाकडे, वर लोखंड येऊ देऊ नकोस, सायलेन्सरपासून लांब. ‘जीपीएस लावला आहे’ असं स्टिकर काही लोक लावतात. मी नाही लावणार, शोधायला सांगितल्यासारखं होतं.

गाडी चोरीला जाते कुठून, ते बघ. मालक किती वेळ परतणार नाही हे चोराला जिथे आधीच कळतं, तिथून. वडसा स्टेशनवर सकाळी गाडी ठेवून नागपूरला गेलेला माणूस रात्रीच येणार. दवाखान्यात रोग्याजवळ बसलेला सकाळपर्यंत हलणार नाही. मार्कंड्याच्या जत्रेत, आठवडी बाजारात तेच. आणि आपली झाडीपट्टीची नाटकं! दिवाळीनंतर गावोगाव मंडप लागतात, नाटक रात्रभर चालतं, बाहेर अंधारात शेकडो गाड्या एकमेकींना टेकून उभ्या. पडदा पडेपर्यंत कोणी उठत नाही, हे सगळ्यांना माहीत. अशा ठिकाणी डबीपेक्षा डिस्क लॉक आणि खांबाला घातलेली साखळी कामाची. डबी चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर सांगते. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर साखळी घे, डबी पुढच्या वर्षी.

विम्याचे कागद काढून बघ. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून लोकांना वाटतं, विमा आहे. त्यात चोरी येत नाही. चोरीची भरपाई गाडीच्या स्वतःच्या विम्यातून मिळते, आणि तो बहुतेकांचा पहिल्या वर्षानंतर संपलेला असतो. तो दरवर्षी भर. दोन्ही चाव्या सांभाळ, दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मागते. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि डबीचा आयएमईआय, तिन्हींचे फोटो घरी पाठवून ठेव.

आणि गेलीच गाडी, तर पहिला तास महत्त्वाचा. सिरोंच्याचा पूल ओलांडला की तेलंगणा, कोरचीकडून पुढे गेलं की छत्तीसगड. लगेच ११२ लाव, मोबाइलवरचा ठिपका पोलिसांना दाखव. हद्द कोणाची यावरून कोणी ताटकळत ठेवू लागलं तर सांग, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. चोरीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे, दंड संहितेचं जुनं ३७९ गेलं. ठिपका एखाद्या गावात थांबलेला दिसला तरी तू किंवा तुझा भाऊ तिकडे जायचं नाही. गणवेश अंगावर असला तरी नाही.

तेव्हा आधी दोन सिमं घेऊन बीटवर फिरून ये आणि वही मला दाखव. पुढच्या सुट्टीत चंद्रपूरला जाऊ, मी सोबत येतो, दुकानदाराशी बोलणं माझ्याकडे.