क्लच पूर्ण का सुटत नाही?

जुन्या गाडीत दुसरे इंजिन-गिअरबॉक्स बसवले की एक तक्रार हमखास येते: पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो. अशीच एक गाडी मी तपासली. तीनदा ब्लीडिंग झालं होतं, आता गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी चालल्या होत्या. त्याआधी चाकांना ठोकळे लावून तीन गोष्टी पाहाव्यात.

१) पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर पडतो? मग बहुधा लाइनमध्ये हवा आहे. स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल सर्वांत वर हवा. स्लेव्ह उलटा बसला असेल तर हवा आतच अडकते.

२) पेडल दाबून धरल्यावर स्लेव्हचा रॉड हळूहळू मागे येतो? बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेले समजा.

३) दोन्ही नाही? मग स्ट्रोक मोजा.

या गाडीत मास्टर जुनाच, ५/८ इंची. स्लेव्ह नव्या गिअरबॉक्सबरोबर आलेला, ७/८ इंची. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २५:४९. मास्टरचा पिस्टन २५ मिमी सरकला की स्लेव्हचा जेमतेम १२.८ मिमी. फोर्कला हवे होते १५. मग ब्लीडिंग कितीही करा!

११/१६ इंची मास्टरने १५.४ मिमी मिळतात. पेडल सुमारे २१ टक्के जड होते. ३/४ इंचीने १८.४ मिमी मिळतील, पण पेडल ४४ टक्के जड आणि डायफ्रॅम स्प्रिंगवर नाहक ताण. म्हणून ११/१६ इंची बसवला. गिअर गुपचूप पडू लागला, गिअरबॉक्स जागचा हललाही नाही.