रिंगण आणि रंगमंच : शहापूर-मुरबाडच्या सामूहिक नाचांविषयी

लोकसंगीताचा अभ्यास म्हटला की आपण गीतांचे शब्द पाहतो, फार तर चाल पाहतो. नाचणारे कसे उभे राहतात, वाजवणारा कुठे असतो आणि बघणारा कोण, हे प्रश्न दुय्यम मानले जातात. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील काही पाड्यांवर हिंडल्यानंतर मला वाटू लागले की, या संगीताचा प्राण याच प्रश्नांत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार, मोखाडा, डहाणू हा तारप्याचा प्रसिद्ध मुलूख त्यात गेला. तेव्हापासून, ठाणे जिल्ह्यात आता आदिवासी नाच कुठला, असे कोणी कोणी विचारतात. पण आपल्या या दोन तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि काही भागांत वारली यांची वस्ती आहे. ठाकरांचे कामडनाच व ढोलनाच आहेत, गौरीचे नाच आहेत, शिमग्याचे ढोल आहेत. ल. ना. चापेकर यांनी १९६० साली सह्याद्रीतील ठाकरांवर एक सविस्तर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या अभ्यासाचा विषय आपल्या अंगणातला आहे.

उदाहरणादाखल तारपा घेऊ. वाळलेल्या दुधी भोपळ्यात वरून फुंकायचे. खाली बांबूच्या दोन नळ्या, त्यांत कंप पावणाऱ्या जिभा, टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. तारपकरी नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मध्ये उभा असतो. बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात. नाचणाऱ्यांची पाठ तारप्याकडे होत नाही. दमलेला माणूस बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो, रिंगण चालूच. येथे प्रेक्षक नावाचा वेगळा वर्ग नाही. जो बघतो तो विसावा घेणारा नाचकरी असतो.

हाच नाच रंगमंचावर आला की काय होते? रिंगण मोडून ओळ होते, तोंडे प्रेक्षकांकडे वळतात, वाजवणारा कोपऱ्यात जातो किंवा त्याच्या जागी ध्वनिफीत येते. तासन् तास चालणारा नाच दहा मिनिटांत बसवावा लागतो. एका स्नेहसंमेलनात मी पाहिले, अंगाला रंग फासलेली मुले ‘आदिवासी नृत्य’ करीत होती आणि पाड्यावरून आलेले माझे वर्गमित्र खुर्च्यांवर बसून ते पाहत होते! ज्यांना पावले येत होती, त्यांना कोणी विचारले नव्हते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत ‘सेक्सिओन फेमेनिना’ या सरकारी महिला संघटनेने खेडोपाडीची गाणी व नाच गोळा केले, मुलींची पथके बसवली, स्पर्धा भरवल्या. ही संघटना १९७७ साली बरखास्त झाली. तिच्यामुळे बरेच नाच टिकले, हे नाकारता येत नाही; पण गावाच्या चौकातला नाच ठरावीक पोशाखात, ठरावीक पावलांत गोठला, हेही खरे. उलट कातालोनियातील ‘सार्दाना’ पाहावा. अकरा वादकांचा ताफा एका बाजूला वाजवतो आणि चौकात माणसे हात धरून वर्तुळ करतात. जाणारा-येणारा त्यात सामील होऊ शकतो. शहरात येऊनही हे वर्तुळ उघडे राहिले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. नाचाचे वेळापत्रक शेतीचे आहे. नवे भात, वाघबारस, दिवाळी या दिवसांत तारपा वाजतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, पाडे ओस पडतात. शहापूरच्या तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते, आणि ज्यांच्या शिवारात ते अडवले त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. भट्टीवर वाढलेल्या मुलाला पावले कोण शिकवणार? वारली चित्रातले तारप्याचे रिंगण शाळांच्या भिंतींवर सर्वत्र दिसते; ते चित्रापुरतेच उरेल काय, हा खरा प्रश्न आहे.

यावर महाविद्यालयाला फारसा खर्च न करता काही करता येईल. संमेलनातला हा एक कार्यक्रम रंगमंचाऐवजी मैदानावर ठेवावा. वाजवणाऱ्याला मानधन देऊन मध्ये उभे करावे. पाड्यावरच्या मित्रांनी पहिले रिंगण धरावे, आणि मग आपण सर्वांनी, प्राध्यापकांसह, त्यात शिरावे. गाणाऱ्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे व एक प्रत त्यांच्या पाड्यावर पोचती करावी.

आपली पावले चुकतील, यात शंका नाही. पण रिंगणात शेजाऱ्याचा हात कमरेला असतो. चुकलेल्याला तोच हात सावरून नेतो.