शिक्का नाण्यावर हवा, पेटीवर नको

‘हा होन मात्र प्रतिकृती आहे बरं का सर, खोटं नाही सांगणार.’ विक्रेत्याचं हे वाक्य अजून कानातून जात नाही. सगळी लबाडी त्या एका वाक्यात होती. पेटीत चार वस्तू होत्या: एक होन (शिवकालीन सोन्याचं नाणं), दोन शिवराया (तांब्याची नाणी) आणि टिळकांचं चित्र असलेला होमरूल लीगचा बिल्ला. होनाबद्दल त्याने आपणहून कबुली दिली आणि त्या कबुलीच्या जोरावर बाकीच्या तिन्ही वस्तू ‘ओरिजिनल’ म्हणून माझ्या हातात ठेवल्या. किंमत 4500 रुपये. प्रदर्शन रत्नागिरीतच होतं आणि मला हे सारं शाळेच्या इतिहासाच्या कपाटात ठेवायला द्यायचं होतं. टिळकांच्या जन्मगावी, तेही मुलांसाठी घेतोय असं सांगितल्यावर हा व्यवहार झाला, याचा राग जास्त आहे.

घरी खिडकीपाशी दोन्ही शिवराया शेजारी शेजारी ठेवल्या आणि डोकं सणकलं. ‘राजा’तल्या ‘जा’च्या कान्यापाशी दोन्हींवर एकच खोच होती, त्याच जागी, त्याच आकाराची. झीज तीच आणि हिरवट डागसुद्धा तिथेच. शिवराई हे हाताने पाडलेलं नाणं. ठशावर तांब्याची चकती ठेवायची आणि वरून घाव घालायचा. घाव सरकला की अक्षर अर्धं बाहेर जातं. कुठे ‘शिव’ येतं, तर कुठे ‘सिव’. एकाच ठशाची दोन नाणी घेतली तरी चकती आणि झीज जुळत नाही. इथे तर कडेने बारीक रेघ फिरली होती. साच्याच्या दोन अर्धांचा तो सांधा. म्हणजे नाणी ओतीव होती. सोनाराच्या काट्यावर एकेक 8 ग्रॅमच्या आसपास भरली. अस्सल शिवराई साधारण 11 ते 13 ग्रॅमची असते. बिल्ल्याबद्दल काय सांगू, मागची पिन कोरी करकरीत होती.

विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर आलं, ‘सर, पेटीवर स्मरणिका लिहिलंय.’ पेटी उलटी केली. तळाशी तो शब्द खरंच होता, पण वर किमतीची चिकटपट्टी डकवलेली. मग म्हणाला, ‘एवढ्यात ओरिजिनल मिळतं का कुठे?’ हे ऐकून मात्र राहवलं नाही. शिवराया पेशवाईच्या अखेरपर्यंत अमाप पाडल्या गेल्या, साधी शिवराई आजही थोडक्या पैशांत मिळते. त्याला हे ठाऊक होतं, नसतं तर त्याने ती ओतलीच नसती. बिलावर काय लिहिलं होतं, तर ‘मेटल आर्टिकल’!

पोलीस चौकीत ‘चालू नाणं नाही ना, मग बनावट नाणं कसं?’ असं विचारलं गेलं. त्यात तथ्य आहे. भारतीय न्याय संहितेतलं बनावट नाण्यांचं कलम 178 चलनातल्या नाण्यांचं आहे, शिवराई त्यात बसत नाही. पण फसवणुकीचं कलम 318 आहे, ते कुणी आपण होऊन सांगत नाही. तुम्ही नावानिशी सांगा.

अमेरिकेत 1973 पासून कायदा आहे. नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द धातूतच खोल उमटवावा लागतो, अक्षरं किमान 2 मिलिमीटर उंच. निवडणुकीचे बिल्ले, फलक अशा राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती बनवल्याचं वर्ष कायमचं कोरावं लागतं. 2014 मध्ये विकणाऱ्यालाही त्या कायद्यात ओढलं. आपल्याकडे असा नियम नाही. वजनमापे कायद्याखालचे 2011 चे नियम पाकिटावरच्या मजकुराबद्दल आहेत, आतल्या नाण्याबद्दल नाहीत. पेटी फेकली की नक्कल अस्सल व्हायला मोकळी. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षापासून प्रतिकृती होन घरोघरी गेले आहेत, ते आणखी पन्नास वर्षांनी कुणाच्या कपाटातून काय म्हणून निघतील, ही भीती मला खरोखर वाटते. जाता जाता, महाराजांचं चित्र धंद्यासाठी वापरायला 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्यानुसार केंद्र सरकारची परवानगी लागते. माझ्या पेटीच्या झाकणावर ते चित्र होतं. विचारणारं कोण?

तरीही एक प्रश्न असा आहे, ज्यात विक्रेता दोन्हीकडून अडकतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि पुरावस्तू विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो. 1916 चा बिल्लाही आता त्यात आला. म्हणून सरळ विचारा: अस्सल आहे ना? मग परवाना दाखवा. नाही? मग बिलावर ‘प्रतिकृती’ लिहा. जो दोन्हीला नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका. बिलावर वस्तूचं नाव, धातू, वजन, काळ आणि सही हवीच. एकसारखी दोन नाणी असतील तर शेजारी ठेवून पाहा. ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असं कोरलेली, राम-हनुमानाची नाणी तर हातातही धरू नका. कंपनीने ती कधीच काढली नाहीत. घाई करू नका, पावती जपून ठेवा, हे काय नेहमीचंच.

फसलात तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मी तक्रार केली आहे. पेटीचा तळ चिकटपट्टीसकट आणि पट्टी सोलल्यावर, असे दोन्ही फोटो जोडले आहेत. विक्रेत्याच्या लेखी उत्तरात ‘स्मरणिका लिहिलं होतं’ हे वाक्य आता दिसत नाही.